कंबरदुखी आणि बुटातली गादी

मागच्या अंकातल्या कंबरदुखीवरच्या लेखात इनसोलचा, म्हणजे बुटात घालायच्या सुट्या गादीचा, उल्लेख जेमतेम एका ओळीत होता. पत्रं मात्र सगळ्यात जास्त त्याच ओळीवर आली. कुणाला आराम पडला, कुणाचं दुखणं जागा बदलून बसलं, कुणाचे पैसे गेले. निवडक प्रश्नांची उत्तरं अस्थिरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि ऑर्थोटिस्ट यांनी मिळून दिली आहेत. पायाचं माप घेऊन आधार, पट्टे आणि खास पादत्राणं बनवतो तो ऑर्थोटिस्ट.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिकवते. रोज चार-पाच तास उभं राहावं लागतं. मेडिकलमधून सिलिकॉन जेलचे पूर्ण लांबीचे इनसोल आणले. पहिले पंधरा दिवस कंबर हलकी वाटली. आता कंबर होती तशी दुखते, शिवाय चवड्यात आग होते. दुसरे घेऊ की नाद सोडू? — एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : चवड्याची आग आधी थांबवू, कारण तिचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. बुटात कंपनीची मूळ गादी असतेच. तिच्यावरच पाच-सहा मिलिमीटर जाडीचं जेल टाकलं की पाऊल तेवढं वर उचललं जातं, बोटांना जागा उरत नाही आणि चवड्याची हाडं दोन्ही बाजूंनी आवळली जातात. मूळ गादी सुटी असेल तर ती काढा. नव्या इनसोलवर टाचेला टाच जुळवून ठेवा, पेनाने कड आखा आणि बोटांच्या बाजूने थोडं थोडं कापत जा. टाचेकडून कापू नका. तिथे कापलं की कमानीचा उंचवटा मागे सरकतो आणि भलत्याच जागी टोचतो. बूट घालून उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे. मूळ गादी चिकटवलेली असेल तर पूर्ण लांबीचं इनसोल बसवण्याचा हट्ट नको. चवड्याच्या मागेच संपणारं, तीनचतुर्थांश लांबीचं घ्या. बायकांच्या बंद बेली शूजमध्ये तर यातलं काहीच नीट बसत नाही.

आता कंबर. पहिल्या पंधरा दिवसांचा आराम खोटा नव्हता, पण तो इनसोलनेच दिला असं म्हणता येत नाही. कंबरदुखी मुळात चढ-उताराची. माणूस इनसोल विकत घेतो तो दुखणं टोकाला गेल्यावर, आणि टोकाला गेलेलं दुखणं पुढच्या काही आठवड्यांत पुष्कळदा आपोआप उतरतं.

संशोधन काय म्हणतं तेही पाहा. तोवरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २००७ च्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्ष असा की, कंबरदुखी होऊ नये म्हणून इनसोल वापरण्याचा उपयोग होत नाही, आणि झालेल्या कंबरदुखीवर उपयोग होतो असं म्हणायला पुरावा अपुरा आहे. प्रतिबंधाची मोठी परीक्षा सैन्यात नव्याने भरती झालेल्या जवानांवर झाली होती. इस्रायलच्या पायदळातल्या जवानांमध्ये मापाचे इनसोल आणि साधे इनसोल यांत कंबरदुखीच्या बाबतीत फरक दिसला नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं कंबरदुखीसाठी इनसोल देऊ नका असं सरळ सांगतात. कमरेचे पट्टे आणि गोल तळाचे 'रॉकर' बूटही त्याच यादीत आहेत. उलट बाजूला २०१७ ची एक अमेरिकन चाचणी आहे. तिच्यात जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना सहा आठवड्यांत मापाच्या इनसोलने आराम पडला. पण तुलना केली ती प्रतीक्षायादीवर नुसतं थांबलेल्या लोकांशी, खोट्या इनसोलशी नव्हे. काहीतरी उपचार मिळतोय या भावनेचा वाटा त्यात किती, हे त्यातून कळत नाही.

म्हणून आमचा सल्ला असा. स्वस्त इनसोल वापरून बघायला हरकत नाही, पण हिशेब ठेवून. रोज रात्री दुखणं शून्य ते दहा या मापात वहीत लिहा. एक आठवडा इनसोलशिवाय, चार आठवडे इनसोलसह, पुन्हा एक आठवडा इनसोलशिवाय. या काळात नवा व्यायाम, नवी गोळी, नवी गादी असं दुसरं काही सुरू करू नका. सरासरीत दोन आकड्यांपेक्षा कमी फरक पडला तर तो नेहमीच्या चढ-उतारातला समजा आणि इनसोल बाजूला ठेवा. वर्गात फळ्याजवळ दहा-पंधरा सेंटिमीटर उंचीचं पाट किंवा लाकडी ठोकळा ठेवून पाय आलटून-पालटून त्यावर टेकवा, आणि एका जागी उभं राहण्यापेक्षा बाकांमधून फिरत शिकवा. यात खर्च नाही आणि उभ्या कामाच्या कंबरदुखीत याने बऱ्याच जणांना बरं वाटतं.

प्रश्न : अपघातात डाव्या मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. पाय दीड सेंटिमीटरने आखूड झाला असं सांगितलं. मी चांभाराकडून डाव्या बुटात दीड सेंटिमीटरची रबरी पट्टी घालून घेतली. टाच बुटातून निसटते आणि आता उजव्या बाजूची कंबर दुखायला लागली. — एक वाचक, सातारा

उत्तर : इनसोल आणि कंबर यांचा सगळ्यात खरा संबंध तुमच्यासारख्यांच्या बाबतीत येतो. पायांच्या लांबीत मोजता येणारा फरक असेल आणि तो अलीकडचा असेल तर टाचेखालच्या उंचवट्याने आराम मिळण्याची शक्यता चांगली असते. एक सेंटिमीटर किंवा त्याहून कमी फरक असलेल्या जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांवर २००५ साली इस्रायलमध्ये एक छोटी चाचणी झाली होती. तिच्यातही उंचवटा वापरणाऱ्यांचं दुखणं कमी झालं. रुग्ण मूठभर होते, त्यामुळे तिच्यावर फार भार टाकू नये, पण दिशा तीच आहे. तुमचा उपाय बरोबर होता. प्रमाण, जागा आणि माल चुकला.

आधी दीड सेंटिमीटर हा आकडा कुठून आला ते बघा. कमरेच्या पुढच्या बाजूला हाताला लागणाऱ्या हाडाच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत टेपने मोजलं असेल, तर हात थोडा इकडचा तिकडे झाला तरी आकडा बदलतो. त्याहून भरवशाची पद्धत ठोकळ्यांची, आणि ती घरी दुसऱ्याच्या मदतीने करता येते. सपाट फरशीवर अनवाणी उभे राहा. बाथरूम किंवा गॅलरी नको, तिथे पाण्यासाठी उतार असतो. दोन्ही पावलांत वीतभरापेक्षा कमी अंतर, गुडघे सरळ, वजन दोन्ही पायांवर सारखं. मदतनीसाने मागे खुर्चीवर बसून नजर तुमच्या कमरेच्या पातळीत आणायची आणि दोन्ही हातांचे पंजे आडवे धरून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडांवर टेकवायचे. एक पंजा खाली दिसला की त्या पायाखाली पातळ प्लायचे तुकडे किंवा वह्या एकेक करत सरकवायच्या, पंजे एका रेषेत येईपर्यंत. मग त्या थप्पीची उंची पट्टीने मोजायची. हे तीनदा करा. तिन्ही वेळा वेगळे आकडे आले तर त्यावर उपचार ठरवू नका, दोन्ही पायांचा उभ्याने काढलेला पूर्ण लांबीचा एक्स-रे मागा.

पाय आखूड 'दिसणं' आणि आखूड 'असणं' यात फरक आहे. झिजलेला गुडघा पूर्ण सरळ होत नसेल, एकच पाऊल सपाट होऊन आत कलत असेल किंवा खुब्याचे स्नायू आखडलेले असतील, तर हाडं सारखी असूनही एक बाजू खाली येते. तिथे खाली पट्टी घालण्यापेक्षा गुडघा, पाऊल किंवा खुबा यांच्यावर काम करायचं असतं. म्हणूनच एक्स-रे लागतो.

फरक खरोखर दीड सेंटिमीटर निघाला तरी तो पूर्ण भरायचा नाही. सुरुवात पाच मिलिमीटरने. दोन आठवडे अंगवळणी पडलं आणि नवं दुखणं आलं नाही तर दोन-तीन मिलिमीटर वाढवायचे. बहुतेकांना फरकाच्या निम्म्यापासून तीनचतुर्थांशापर्यंत भरलं की पुरतं. तुम्ही एका रात्रीत पंधरा मिलिमीटर चढलात. तेवढ्याने कमरेचं हाड एकदम दुसऱ्या बाजूला झुकतं आणि उजवी बाजू दुखणं त्याचंच लक्षण आहे.

माल टणक हवा, कॉर्क किंवा कडक ईव्हीए (बुटांच्या तळाला वापरतात ते हलकं, फोमसारखं प्लास्टिक). रबरी फोम आणि जेल वजनाखाली दबतात. पट्टीने मोजलं तर दहा मिलिमीटर, पायाखाली प्रत्यक्षात किती उरतील सांगता येत नाही. आकार पाचरीसारखा, टाचेखाली जाड आणि पावलाच्या मध्यापर्यंत निमुळता होत गेलेला असावा. मध्येच कापल्यासारखी कड राहिली तर ती तळव्यात रुतते. बुटाच्या आत दहा-बारा मिलिमीटरच्या वर उंचवटा मावत नाही, टाच बुटाच्या मागच्या भिंतीवरून वर निघते. तुमची टाच निसटते ती त्यामुळेच. त्यापुढची उंची बुटाच्या बाहेरच्या तळाला लावतात. तेही साधारण दोन सेंटिमीटरच्या पुढे गेलं की फक्त टाच उचलून भागत नाही, चवड्याखालीही उंची द्यावी लागते. नाहीतर पाऊल कायम खाली झुकलेलं राहतं आणि पोटरीचा स्नायू आखडतो. एवढं काम ऑर्थोटिस्टकडे करून घ्या. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, तिथे हा विभाग आहे. इतरत्र जिल्ह्याच्या ठिकाणी विचारताना ती व्यक्ती भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणीकृत आहे का, तेवढं विचारा. चांभाराला काम द्यायचंच असेल तर उंची, लांबी आणि माल कागदावर लिहून द्या. हात त्यांचाच चांगला चालतो, माप मात्र तुमचं असू द्या.

एक गोष्ट पत्रात नाही, पण विचारतो. घरात तुम्ही अनवाणी असता ना? मग दिवसातले सहा-आठ तासच उंची मिळते. घरासाठी मागे पट्टा असलेली एक चप्पल तेवढ्याच उंचीची करून घ्या.

हे सगळं अलीकडच्या फरकाबद्दल झालं. लहानपणीच्या पोलिओमुळे किंवा जन्मापासून पाय आखूड असेल तर कणा त्या कलाला धरूनच वाढलेला असतो. अशा पन्नाशी-साठीच्या माणसाच्या पायाखाली अचानक उंची दिली तर आजवर न दुखलेली कंबर दुखू लागते. दुखत नसेल तर हात लावू नका. दुखत असेल तर तीन मिलिमीटरपासून सुरुवात करा आणि घाई करू नका.

प्रश्न : सोसायटीत पाय तपासणीचं शिबिर होतं. मशीनवर उभं करून रंगीत चित्र काढलं, 'फ्लॅट फूट आहे, म्हणून कंबर दुखते' असं सांगितलं आणि काही हजारांचे मापाचे इनसोल दिले. घातले की कमानीखाली दगड ठेवल्यासारखं वाटतं. सवय होईल म्हणतात. — एक वाचक, ठाणे

उत्तर : रंगीत चित्र म्हणजे पावलाखालच्या दाबाचा नकाशा. लाल म्हणजे आजार नव्हे. टाचेखाली आणि चवड्याखाली दाब सगळ्यांचाच जास्त असतो. त्या चित्रावरून कंबर का दुखते हे सांगता येत नाही.

घरीच बघा. आरशाकडे पाठ करून चवड्यांवर उभे राहा आणि कुणाला तरी मागून पाहायला सांगा. उभं राहताना सपाट दिसणारी कमान चवड्यांवर गेल्यावर तयार होत असेल आणि टाच आत वळत असेल, तर तुमचं पाऊल लवचीक सपाट आहे. असे असंख्य लोक कधीही न दुखता जगतात. कमान तयारच झाली नाही किंवा एका पायावर चवड्यावर उचलताच आलं नाही, तर ते कडक सपाट पाऊल किंवा घोट्याच्या आतल्या बाजूच्या स्नायुबंधाची इजा असू शकते. तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

'सवय होईल' हे अर्धं खरं आहे. कडक इनसोलची सवय लावायची रीत अशी : पहिल्या दिवशी एक तास, मग रोज एकेक तास वाढवत जायचं. दोन-तीन आठवड्यांत पूर्ण दिवसावर यायचं. पळणं आणि लांब चालणं सगळ्यात शेवटी. पहिल्या आठवड्यात पोटरी आणि तळवा थोडा ओढल्यासारखा वाटणं ठीक. पण ठरावीक एका जागी टोचणं, काढल्यावर वीस मिनिटांनीही न गेलेला लाल डाग, फोड किंवा बधिरपणा ही सवयीची नव्हे, चुकीच्या मापाची खूण आहे. मापाचे इनसोल म्हणून घेतलेत ना? मग ते घासून, तापवून दुरुस्त करून देणं हा त्या किमतीचाच भाग आहे. जिथे टोचतं तिथे तळव्याला लिपस्टिकचा ठिपका लावा आणि इनसोलवर उभे राहा. ठसा उमटेल तिथेच घासायला सांगा. पावलावर वजन टाकून, बूट घातलेल्या अवस्थेत न तपासता 'ठीक आहे' म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाण्यात अर्थ नाही.

प्रश्न : चाकणला कंपनीत आठ तास सिमेंटच्या फरशीवर उभं काम. सेफ्टी शूज कडक आहेत. जाड इनसोल घातलं तर चालेल का? — एक कामगार, राजगुरुनगर

उत्तर : आधी सेफ्टी विभागाला विचारा. बुटाला भारतीय मानक १५२९८ चं प्रमाणपत्र मिळतं ते आतल्या गादीसकट तपासून. जाड इनसोल घातलं की बोटं वर उचलली जाऊन लोखंडी टोपीला लागतात, आणि वरून काही पडलं तर टोपीखाली जी मोकळी जागा हवी ती उरत नाही. स्थिर वीज वाहून नेणारे बूट असतील तर परकं इनसोल त्यांचा उपयोगच घालवतं. त्याच कंपनीची बदली गादी मिळते, ती मागवा. बुटाचं माप मुळातच लहान असेल तर अर्धा नंबर मोठा मागा. यापेक्षा फरक पडतो तो उभं राहण्याच्या जागी जाड रबरी मॅट टाकल्याने. तिची मागणी एकट्याने न करता लाइनवरच्या सगळ्यांनी मिळून करा.

प्रश्न : आईला पंधरा वर्षं मधुमेह. कंबर दुखते म्हणून कुणीतरी चुंबक आणि टोकदार मण्यांचे ॲक्युप्रेशर इनसोल दिलेत. — एक वाचक, लातूर

उत्तर : आजच काढा. मधुमेहात तळव्याची संवेदना गेलेली असली तर मणी रुतून जखम झाली तरी कळत नाही, आणि अशी जखम पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकते. चुंबकाचं म्हणाल, तर टाचदुखीच्या रुग्णांवर २००३ साली अमेरिकेत चुंबक असलेल्या आणि नसलेल्या इनसोलची तुलना झाली होती. फरक पडला नाही. आईंच्या तळव्याची संवेदना दहा ग्रॅमच्या नायलॉन तंतूने तपासून घ्या. मधुमेहाच्या दवाखान्यात ती दोन मिनिटांची तपासणी आहे. संवेदना कमी असेल तर त्यांना मऊ एमसीआर रबराच्या (बारीक छिद्रांच्या हलक्या रबराच्या) तळाची, आत शिवण न टोचणारी पादत्राणं हवीत, घरातसुद्धा. रोज रात्री तळवे आरशात किंवा दुसऱ्याने बघायचे. कंबरेची तपासणी स्वतंत्रपणे करून घ्या.

प्रश्न : खुब्याचा सांधा बदलून पाच आठवडे झाले. ऑपरेशनचा पाय लांब वाटतो, कंबर ओढते. दुसऱ्या बुटात सोल घालू? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अजून नको. सुरुवातीला पाय लांब वाटणं फार जणांना होतं. खुब्याभोवतीचे आखडलेले स्नायू कमरेचं हाड तिरकं धरून ठेवतात आणि ते सैल पडले की ही भावना बऱ्याचदा जाते. आत्ता सोल घातला तर तो तिरकेपणाच पक्का होतो. व्यायाम चालू ठेवा, सर्जनला सांगून ठेवा, आणि तीन ते सहा महिन्यांनी उभ्याने एक्स-रे काढून मग ठरवा.

प्रश्न : कंबरेतून कळ पायात जाते, अंगठा वर उचलत नाही. दुकानदार म्हणतो इनसोलने नस मोकळी होईल. — एक वाचक, परभणी

उत्तर : होणार नाही. अंगठा किंवा पाऊल वर उचलता न येणं म्हणजे नसेवर दाब येऊन स्नायूची ताकद कमी झाली आहे. एक-दोन दिवसांत अस्थिरोगतज्ज्ञ किंवा मेंदू-मज्जारज्जू शल्यविशारदांना दाखवा. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावर ताबा न राहणे, मांड्यांच्या आतला भाग आणि बैठकीची जागा बधिर होणे यातलं काहीही झालं तर त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठा. ताप, वजन घटणं, पूर्वी झालेला कर्करोग किंवा पडल्यानंतर सुरू झालेली कंबरदुखी असेल तरीही बुटाच्या दुकानात वेळ घालवू नका.

प्रश्न : मी बारा महिने चप्पलच वापरतो. इनसोल कशात घालू? आणि पावसाळ्यात ते टिकतात का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : अंगठ्याच्या सपाट चपलेत सुटं इनसोल टिकत नाही, चालताना सरकतं. कोल्हापुरीचा तळ चामड्याचा आणि कडक, त्यावर चिकटवलं तरी कड उकलते. उंची खरोखर हवी असेल तर मागे पट्टा असलेली सँडल घेऊन तिच्या तळातच बदल करून घ्या. नुसता मऊपणा हवा असेल तर टाचेखाली जाड तळ असलेली चप्पल पुरते, वेगळं इनसोल लागत नाही.

पावसाळ्यात ओलं इनसोल बुटात ठेवू नका, वास येतो आणि बोटांच्या बेचक्यांत बुरशी होते. दोन जोड्या आलटून-पालटून वापरा. धुताना कोमट पाणी आणि साबण, हाताने. पिळायचं नाही. सावलीत पंख्याखाली वाळवा. उन्हात, इस्त्रीने किंवा हेअर ड्रायरने ईव्हीए आकसतो आणि थर चिकटवलेला गोंद सुटतो. रोजच्या वापरात फोम सहा महिने ते वर्षभरात दबतो. टाचेखाली अंगठ्याने दाबून बघा. दोन्ही बाजूंना सारखं दबत नसेल किंवा खळगा परत वर येत नसेल तर ते बदला, आणि बदलताना बुटाचा तळही एका बाजूने झिजलाय का तेही पाहा. तिरक्या झिजलेल्या बुटात नवं इनसोल घातलं तर तेही तिरकंच बसतं.